मिटलेले आरसे

साल २०१९. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती.

जे सांगते ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. माझी सत्तरी उलटली, पण त्या संध्याकाळचं काहीच विसरले नाही. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

माझ्या धाकट्या भावाचा, दादूचा, दहावा होता.

आमचं माहेर उरणच्या कोळीवाड्यातलं. बापाची होडी होती, पण दादू समुद्रात कधी रमला नाही. जन्मभर त्याने गाडी चालवली. बुटका होता, सीटवर उशी घेऊन बसायचा. निघण्याआधी तिन्ही आरशांवर हातातली लोखंडी अंगठी वाजवायचा.

टक… टक… टक.

मग मान वळवून पाहायचा. मुलाला, प्रणितला, शिकवतानाही तेच.

"होडीला पाठीत डोलं नसतात. गाडीला तीन हायत. तरी येक कोपरा ऱ्हातोच. तो मान वलवून बगायचा."

प्रणित हसायचा. "बाबा, आता आरती करा आरशांची!"

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला…

कावळा शिवेना.

सगळ्यांनी शब्द दिले. प्रणितच्या आईला सांभाळू, घर नीट करू. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हा कोळीवाड्यातले म्हातारे कान्हाकाका प्रणितच्या कानाशी लागले.

"बापाचा जीव कशात तरी अडकलाय रं. घरी पोचंपर्यंत मागं बगू नको. नायतर येल पाठनं."

दिवस कलल्यावर, प्रणितच्या आईला कोळीवाड्यातच ठेवून, आम्ही पनवेलला त्याच्या घरी निघालो. गाडी दादूचीच. चालवायला प्रणित, शेजारी त्याची बायको कोमल. मागे मी, आणि माझ्या बाजूला दादूची ती उशी.

बसण्याआधी प्रणितने बाहेरचे दोन्ही आरसे मिटले. आतला छताकडे वळवला.

"अहो, हे काय?" कोमल म्हणाली. "ट्रेलरचा रस्ता आहे हा."

"आरशातून बघणं म्हणजे मागे बघणंच."

"मग मी बघते. मला कुठे मनाई आहे?"

"कोमल, आज नको!"

"अरे, तुझा बाप चिडेल," मी म्हटलं.

"ते पाठीमागे येऊ नयेत म्हणूनच, आत्या."

त्याने दार ओढलं आणि किल्ली फिरवली.

जासई मागे पडलं. उजेड सरत आला. दोन्ही बाजूंना कंटेनर आणि धूळ.

तेवढ्यात…

टक.

कोमलच्या बाजूच्या काचेवर. बाहेरून.

"खडा उडाला," प्रणित म्हणाला.

टक… टक.

कोमल काचेपासून दूर सरकली.

मग आतला आरसा हळूहळू खाली आला. प्रणितने तो वर ढकलला.

पुन्हा खाली आला…

पुढे एक टँकर रांगत होता. प्रणितने तो उजवीकडून मागे टाकला आणि परत डावीकडे यायला स्टेअरिंग वळवलं.

खट्!

डावा आरसा उघडला. स्वतःहून. काच बंद होती. कोमलचे दोन्ही हात मांडीवर होते.

प्रणितची नजर गेलीच.

तो ओरडला आणि गाडी उजवीकडे खेचली.

टँकरच्या आडून एक ट्रेलर पुढे आला होता. दिवे नसलेला. आमच्या डाव्या कोपऱ्याला, हात बाहेर काढला तर लागेल इतका जवळ. माझ्या डाव्या खिडकीबाहेरून त्याची चाकं घरघरत निघून गेली.

प्रणितने गाडी कडेला घेतली.

मग त्याने आतल्या आरशात पाहिलं.

"हा बाबांच्या उंचीला लागलाय, आत्या." प्रणित ताडमाड आहे. "मला यात रस्ता दिसत नाही. मागची सीट दिसते."

तो पाहतच राहिला.

"आत्या… तू जरा सरकून बस."

"का रे?"

ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.

मी शेजारी पाहिलं. उशी मधोमध दबलेली होती…

प्रणित खाली उतरला. तिन्ही आरसे रुमालाने पुसले, उघडले, आपल्या उंचीला लावले. पनवेल येईपर्यंत तो मागे बघत बघतच आला.

कान्हाकाका पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या दहाव्याहून प्रणित आणि कोमल उघड्या आरशांनी परतले. कोमल गाडी शिकली, आता वळताना आधी मान वळवते. प्रणितने ती गाडी विकली नाही. रोज सकाळी आरसे खाली झुकलेले असतात. तो मुकाट्याने वर करतो. मागच्या सीटवर मात्र कुणाला बसू देत नाही.

मी त्यांच्याच घरी राहते. बाहेर जायचं तर रिक्षाने जाते.

आम्ही वाचलो. पण माझा भाऊ सुटला नाही, असं वाटत राहतं.

दर पितृपक्षात गच्चीवर पान ठेवतो. कावळे येतात, कठड्यावर बसतात…

पान तसंच राहतं.

ते खाली बघत असतात. गाडीकडे.