थांब म्हणू नकोस

पारोळ्याच्या अलीकडे धुळे-जळगाव बस बंद पडली. "बठ्ठा खाले उतरा भाऊ," कंडक्टर भटूभाऊ म्हणाला, "गाडीनं काही खरं नही." प्रवासी कडुनिंबाच्या सावलीला पांगले. हितेंद्र मात्र जागचा हलला नाही. शेजारच्या सीटवरची मुलगी मांडीवरच्या लॅपटॉपवर जे वाचत होती, ते त्यानंच लिहिलेलं होतं.

हितेंद्र मूळचा यावलकडचा, केळी पिकवणाऱ्या घरातला. धुळ्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. ऑनलाइन जाहिरात किती जणांना दिसली, किती जणांनी क्लिक केलं, ही आकडेवारी एआय एजंटला, म्हणजे सांगितलेली कामं स्वतः करणाऱ्या प्रोग्रॅमला, आपली आपण काढून आणता यावी, म्हणून तो टूल्स बनवायचा. कोणतं टूल काय आणतं, याची त्यानं लिहिलेली वर्णनं एजंटला कळतील अशा शब्दांत नव्यानं लिहायचं काम कंपनीनं जळगावच्या एका फर्मला दिलं होतं.

"हे टूल जाहिरातीचा डेटा आणते," मुलगी स्वतःशीच पुटपुटली. "झालं? हे लिहिणाऱ्याला माणसांशी बोलायची सवय नसावी."

"नाहीये," तो म्हणाला.

तिनं मान वळवली. आधी कळलंच नाही... मग कळलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली – पण नजर काही काढली नाही.

"एजंट हुशार असतो हो," हितेंद्र म्हणाला. "घेतो समजून."

"समजून घेत नाही, अंदाज बांधतो. कुठल्या जाहिरातीचा, कुठल्या तारखांचा, हे सांगितलं नाही तर भलतंच टूल उचलेल."

"मग सांगा तुम्ही. मी ऐकतो."

"हे बरंय. चूक तुमची, मेहनत माझी," म्हणत ती हसली.

तिचं नाव चेलना. जळगावच्या घेवरचंदशेठ कापडवाल्यांची मुलगी.

त्यानंतर शनिवारी गावी जाताना हितेंद्र जळगावला उतरू लागला. तिच्या फर्मच्या लहानशा ऑफिसात दोघं एजंटला प्रश्न विचारत – गेल्या आठवड्यात कोणती जाहिरात जास्त चालली? – आणि तो कोणतं टूल उचलतो ते पाहत. चुकला, की चेलना वर्णनातला एखादा शब्द बदलायची. बरोबर उचललं, की दोघं एकदमच एकमेकांकडे बघत... आणि बघतच राहत.

दिवस मावळायच्या आत ती डबा संपवायची. "कांदा नाही, लसूण नाही. जगतेस कशी?" तो विचारायचा.

"ते शेवभाजीवाल्यांना नाही कळायचं," असं म्हणून ती अर्धी पोळी त्याच्या पुढ्यात सरकवायची.

काम संपलं त्या संध्याकाळी दोघं मेहरुण तलावावर गेले. वारा होता. तिची ओढणी सारखी त्याच्या हाताला लागत होती.

"चेलना, काम संपलं तरी मला... जळगावला उतरायचंय. दर शनिवारी."

तिनं ओढणी आवरून घेतली.

"माझी दीक्षा ठरलीय, हितेंद्र. माघात. ती बस बंद पडली, त्याच्या आधीच पप्पांनी आज्ञा दिली होती."

घर, नाव, फोन, वाहन... सगळं सुटणार होतं. उरलेलं आयुष्य जैन साध्वी म्हणून, पांढऱ्या वस्त्रांत, पायी.

"आणि मी?" त्यानं विचारलं.

"तू माझ्या ध्यानीमनी नव्हतास." तिनं ओढणीचं टोक मुठीत धरलं. "डळमळले मी. शनिवारची वाट बघायला लागले. गुरुणींनाही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वेळ आहे, विचार कर."

"मग कर ना."

"केला. लहान होते तेव्हापासून एवढं एकच मागत आलेय मी. तू थांब म्हणालास, तर थांबेन... तेही मला ठाऊक आहे. पण मग तुझ्याकडे बघताना, जे सोडलं ते आठवत राहील. त्यात तुझा काय दोष? म्हणून थांब म्हणू नकोस."

शब्द त्याच्या ओठांवर होता. त्यानं तो गिळला.

"बरं," तो म्हणाला.

माघात तो दीक्षेला गेला. मंडपाच्या कडेला, अगदी मागे उभा राहिला. दागिन्यांनी मढलेली चेलना आत गेली, आणि केस उतरवून, पांढऱ्या वस्त्रांत बाहेर आली. चेहरा शांत होता. खरंच शांत होता. त्यानं डोळे भरून पाहून घेतलं. जयजयकार उठला.

तेवढ्यात चेलनाची आई, चंद्रकांताबाई, गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी आली. ऑफिसात डबा द्यायला आली की त्याची चौकशी करायची.

"आलात," ती म्हणाली. पदर तोंडाशी धरलेला. "शनिवारी दारात रिक्षा वाजली, की वाटायचं तुम्हीच आलात. तिला थांबवायला. आम्ही आज्ञा दिलेली, आम्हाला कसं म्हणता येणार... पण तुम्ही थांबवाल असं वाटलं होतं मला."

हितेंद्रनं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

मंडपात नव्या साध्वीचं दीक्षेनंतरचं नाव पुकारलं गेलं. गलक्यात त्याला ते नीट ऐकू आलं नाही. त्यानं कुणाला विचारलंही नाही.