वर्गातला फोन आणि भिजलेला हरभरा

"आज शाळा सुटेपर्यंत फोन सापडला नाही, तर रुद्रेशच्या हातात दाखला!" मुख्याध्यापकांनी ठणकावलं.

ताडकळसजवळच्या या शाळेत उमादेवी बाईंनी नववीच्या वर्गात फोन वापरू दिले होते. मधल्या सुट्टीत सगळे फोन टेबलावरच्या डब्यात ठेवायचे. काल सुट्टी संपली आणि अर्पिताचा फोन गायब. वर्गात एकटा रुद्रेश बसला होता. मग काय, सगळ्यांनी त्यालाच धरलं! शेवटी बाईंनी परभणीहून खासगी गुप्तहेर स्वप्ना हिला बोलावलं. सोबत तिचा मदतनीस बन्सीधर. दोन मिनिटांत चोर ठरवण्यात तो पटाईत, आणि बहुतेक वेळा चुकण्यातही.

"सुट्टीत वर्गात कोण आलं होतं?" स्वप्नाने विचारलं.

"कोणीच न्हाई," रुद्रेश रडवेला झाला. "मी मान खाली घालून गणितं करायलो होतो. अर्पिताची आई तेवढी तिचा जेवणाचा डबा ठेवून गेली."

"हाच चोर," रुद्रेशकडे बघत बन्सीधर कुजबुजला.

शाळेच्या सेविका चतुराबाई म्हणाल्या, "गेटावर मीच होते. परका माणूस फिरकला न्हाई बगा."

तेवढ्यात अर्पिताचे वडील दिनकरराव तणतणत आले. मागे त्यांची बायको सविता, डब्याची पिशवी छातीशी धरून.

"वर्गात फोन पाहिजेच कशाला? घरात एकच चांगला फोन, तो बी गेला! चोराचे हात तोडतो!"

"घरी कशाला लागायचा तो?" स्वप्नाने विचारलं.

"विहिरीवरची मोटार चालू करायला. त्या नंबरावरून फोन लावला की स्टार्टर मोटार चालू करतो, दुसरा नंबर घेत न्हाई. नशीब, काल सुट्टीनंतर लाइट आली अन् हरभरा भिजला."

"तुम्हीच बटण दाबलं?"

"मी तर परभणीला होतो. बटणाच्या पेटीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात."

स्वप्ना हसली. "मग मोटार चालू केली कोणी?"

दिनकररावांनी खिशातली किल्ली चाचपून पाहिली.

"फोन गेला सुट्टीत, लाइट आली नंतर," स्वप्ना म्हणाली. "म्हणजे गेलेल्या फोननेच मोटार चालू झाली. चोर तुमच्या हरभऱ्याला पाणी कशाला देईल? ती काळजी घरच्यांनाच. आणि घरचं एकच माणूस काल वर्गात आलं होतं. आई म्हणजे परकी नव्हे, म्हणून तिला कोणी मोजलंच नाही. सविताताई, फोन पिशवीत आहे ना?"

सविताने फोन काढून टेबलावर ठेवला. "हरभऱ्याची फुलं सुकायली होती. लाइटीचा काय भरवसा? म्हटलं, पाणी देते अन् लगेच आणून ठेवते. तवर हे हात तोडायची भाषा करायलेत. लय भ्याले. पण या लेकराचं नाव आलं तवाच बोलायला पाहिजे होतं."

बन्सीधरने असा श्वास सोडला, जणू दाखला त्याचाच निघणार होता.

"आता फोन बंदच करू," मुख्याध्यापक म्हणाले.

"बंद कशाला?" दिनकरराव ओशाळले. त्यांनी खिशातून किल्ली काढून सविताच्या हातावर ठेवली. "अर्पिताला फोन आणू द्या. मोटारीचं ही बघंल." मग रुद्रेशकडे वळले. "पोरा, चुकलो मी."

मुख्याध्यापकांनी लिहून ठेवलेला दाखला टराटरा फाडला. रुद्रेश वर्गाकडे पळत सुटला. कालची गणितं अर्धीच राहिली होती.