बाईंचा हात

मिरजेच्या स्त्री-कर्करोग रुग्णालयातल्या प्रशिक्षणकक्षात डॉ. नाझनीन मुल्लाने हातमोजा चढवला आणि टेबलावरच्या, आत गाठ बसवलेल्या रबरी पोटावर हात ठेवला. मोज्याने तिची बोटं आपोआप फिरवली, ओटीपोटाशी थांबवली आणि एकाएकी तिचा हात हवेत नेला. तिथे तो काहीतरी चाचपत राहिला.

"बघा मॅडम, पुन्हा तेच! कुणाला शोधतोय हा?"

"पेशंटचा हात." विभागप्रमुख डॉ. इरावती कुरुंदवाडे यांनी अर्ध्या डब्यावर झाकण लावलं.

"आणि तुमचा डबा आजही तसाच. चिमणीसुद्धा जास्त खाते!"

"वय झालं गं. हल्ली दोन घासांत पोट भरतं."

तो स्पर्शस्मृती-मोजा होता. बाईंनी, म्हणजे इरावतींच्या गुरू डॉ. कमलिनी अभ्यंकरांनी, अखेरची कित्येक वर्षं तो घालूनच रुग्ण तपासले होते. बोटांखाली काय लागलं आणि त्यावर बाईंचा हात पुढे काय करी, एवढंच त्यात साठलेलं होतं. तसंच काही पुन्हा लागलं, की मोजा घालणाऱ्याचा हात बाईंसारखा चालवी. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कर्करोगाच्या गाठी ओळखायला प्रत्येक नव्या तुकडीला त्याच शिकवत होत्या.

"गाठ नसली, की बाई पोटावर थोपटून 'ऊठ' म्हणायच्या," इरावती म्हणाल्या. "गाठ लागली, की एक शब्द बोलण्याआधी पेशंटचा हात धरून त्या गाठीवर ठेवायच्या. तिचं शरीर, आधी तिला कळलं पाहिजे, म्हणायच्या."

"पण वेळ जातो ना, मॅडम. रुग्णालयाची समिती म्हणते, तेवढी हालचाल पुसून टाका. तुम्ही हो म्हणालात, की आजच पुसते."

इरावतींनी मोज्यासाठी हात पुढे केला. मग म्हणाल्या, "एकदा मला घालू दे. तू चहा घेऊन ये."

मोजा गार होता. बोटं आत जाताच हात कोटावर खसाखसा घासला गेला. थंड हात रुग्णाला लावायचा नाही, ही बाईंची रीत. इरावतींचे डोळे भरून आले. शिकत असताना बाई त्यांच्या हातावर हात ठेवत. "दाबू नकोस गं, ऐक!"

तपासणीच्या खाटेवर आडव्या होऊन त्यांनी तो हात स्वतःच्याच पोटावर ठेवला. बाईंनी एकदा थोपटावं, एवढंच हवं होतं.

बोटं फिरली. ओटीपोटाशी, उजवीकडे थांबली. जरा मागे आली. पुन्हा तिथेच थांबली.

"थोपटा ना, बाई," त्या पुटपुटल्या.

हात पोटावरून उचलला गेला आणि चाचपत खाटेवरच्या त्यांच्या डाव्या हातापाशी आला. मनगट सापडलं. त्याने ते अलगद उचललं, डावा तळवा त्या जागेवर ठेवला आणि वरून आपली बोटं धरून ठेवली.

नाझनीन कप घेऊन दारात आली. "मॅडम? मग पुसू ना?"

"नाही. पुसायचं नाही." इरावतींनी डावा हात तिथून हलवला नाही. "आणि सोनोग्राफीवाल्यांना सांग, एक पेशंट येतेय."