तिसरी ओ

ऐक बे, निस्तं ऐक. मधात बोलू नको.

हे खरं हाये. सुचिता माह्या मामाची पोरगी, धामणगाव बढ्याची. घरात साप निंघाला तरी किंचाळत नाई. तिनं स्वतः सांगितलं.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. मलकापूर, रेल्वे लाइनीच्या बाजूले, तिच्या बहिणीचं दोन खोल्यांचं घर. तिची मोठी बहीण पुष्पांजली डिलिव्हरीसाठी दवाखान्यात, दीपकभाऊजी तिच्यापाशी. घरी सुचिता अन् बहिणीची चार वर्षांची पोरगी.

पोरीचं नाव मी घेत नाई. काऊन, ते कळीनच तुले.

दुपारचे दोन. रात्र नाई बे, भर दुपार! रस्त्यावर कुत्रं नाई. आत कूलर घरघर करून राह्यला. पोरगी आईसाठी रडून राह्यली, म्हून सुचितानं टीव्हीवर कार्टूनचा सिनेमा लावला. हिंदीतला. एक पिवळी कोंबडी अन् तिचे सहा पिल्लं.

कोंबडी सदा पाठमोरी. एकेकाले नावानं बोलावे. पिल्लू "जी माँ" म्हने, खुराड्यात जाये. दार... खट्.

मंग कोंबडी विचारे, "बच्चों, अब कौन बचा?" अन् थांबे. आजकालचे कार्टून थांबतात ना, लेकरानं उत्तर द्यावं म्हून? तसं. पोरगी टाळ्या वाजवून सांगे. सुचिताले वाटलं, चला, रडनं तं थांबलं. ती भाजी निवडत बसली.

चौथं पिल्लू गेलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं...

खुराड्यातून आवाजच येत नाई. चार पिल्लं आत, अन् एक चिवचिव नाई.

पाचवं गेलं. सहावं गेलं. खट्.

अन् कोंबडी वळली.

चित्रात डोळे काढाचेच राहून गेल्यासारखं तोंड. कोरं.

"एक राह्यली वं..."

हिंदी नाई बे. आपली बोली!

अन् तिनं पोरीचं नाव घेतलं. बापाच्या नावासकट.

"ओ!" पोरगी म्हने.

कूलरचा आवाज गेला. पातं फिरत होतं, पानी पडत होतं, पन आवाज नाई. खिडकीतून मालगाडी जातानी दिसली... मुकी.

परत हाक.

"ओ!" पोरगी उठली. टीव्हीकडे चालाले लागली.

सुचितानं धावत जाऊन वायरच उपटली.

पडदा काळा. अन् त्या काळ्यातून तिसरी हाक आली... अर्धी. नावाचं पहिलंच अक्षर.

मंग मालगाडी, कूलर, सगळं एकदम धाडधाड सुरू.

बाजूच्या खुर्शीदा चाची कपडे शिवतात. सुचिता पोरीले उचलून तिकडंच गेली. सारं ऐकून त्यांनी मशीन थांबवली.

"दो बार ओ दी इसने?"

"हाव."

"पहली ओ में वो घर देखता, बेटी. दूसरी में दरवाजा."

"अन् तिसरीत?"

चाचीनं पोरीले मांडीवर घेतलं. "आज से कोई इसको नाम से नै बुलाना. पुकारने वाला कौन है, बच्ची को क्या समझता?"

रात्री भाऊजी हसले. "कार्टूनले भेली का व तू?" टीव्हीत शोधाले बसले. तो सिनेमा कुठंच नाई. जे पाह्यलं त्याच्या यादीतबी नाई.

तेव्हापासून घरात सगळे पोरीले "ए बाई" म्हनतात. भाऊजीबी.

परवा दुपारी सुचिता तिची वेणी घालून राह्यली होती. पुष्पांजली बाळाले घेऊन तिथंच झोपलेली. स्वयंपाकघरात कोनी नाई.

अन् स्वयंपाकघरातून हाक आली... पोरीचं नाव.

आवाज सुचिताचा.

पोरीनं तोंड उघडलं. मंग मान वर करून पाह्यलं.

"मावशे, तू तं इथं हायेस... ओ देऊ का?"

सुचितानं तिचं तोंडच दाबून धरलं. किती वेळ, तिलेबी माहीत नाई.

अन् उद्या शाळा सुरू होते बे. भाऊजीनं फॉर्मवर पूर्ण नाव लिहिलं, दुसरं कोनतं लिहिणार? बाई हजेरी घेतीन. नाव पुकारतीन. अन् बाईच्याच आवाजात दुसऱ्यानं पुकारलं, तं पोरगी काय करीन?

सुचिता मले विचारते, पाठवू का नको.

तू असता तं काय केलं असतं?