सगुणा आगबोट रुतली तेव्हा

सगुणा आगबोट दाभोळच्या खाडीत आली ती म्हातारपणीच. मुंबई बंदरात तिची उमेद सरली, तेव्हा नवा मालक सखारामशेठने तिला आणून दाभोळ-गोवळकोट फेरीला जुंपलं. वरून रंग फासला, पण बॉयलर खोकायचा तो खोकायचाच. एकतीस साली तिचं सुकाण लवूच्या हाती आलं आणि पहिल्याच फेरीत एका पोरीची होडी तिच्याखाली येता येता वाचली.

"डोळे घरी ठेवून आलास काय रे?" होडीतली पोर चिंब भिजलेली, हातात लांबलचक बांबू.

"तू भर खाडीत काय करतेस गो?"

"तुझ्यासाठी वाट आखतेय."

ती मथुरा. तिचा बाप महिपत खोल पाण्याची खूण म्हणून खाडीत बांबू रोवायचा. त्याची कंबर धरली, तसं ते काम तिच्यावर आलं. वाळू सरकली की ती बांबू सरकवायची आणि लवू निर्धास्तपणे त्याच्या डावीकडून बोट काढायचा.

"आज पाणी किती?" तो वरून विचारायचा.

"तू बुडशील एवढं."

"मग काढशील ना बाहेर?"

"बघू… आधी बूड तर."

ती हसली की भोंगा उगाच लांब वाजायचा. पण मनातलं सांगायची वेळ आली की लवूची दातखीळ बसायची. असली खिळखिळी बोट आज आहे, उद्या नाही; मागणी घालायची ती कशाच्या जोरावर? दोन वर्षं अशीच गेली.

तेहतीसच्या माघात एक नटलेली मंडळी बोटीवर चढली. मुलगा मुंबईला गिरणीत, आई तोऱ्यात. "महिपतची मथुरा बघायला निघालोय," ती म्हणाली.

 कसंबसं सुकाण सांभाळत लवूने नेहमीसारखी बांबूच्या डावीकडून बोट घेतली… आणि सगुणा धप्पकन थांबली. ओहोटी लागलेली. पाणी उतरलं, बोट कलली आणि तळाचा जुना पत्रा करकरत फाटला.  बांबू कालच्या जागी नव्हता, हे आत्ता कुठे लवूच्या ध्यानात आलं. पोरीची चूक झाली असणार. ते बोललं तर सगळे तिलाच धरतील.

महिपत आणि मथुरा होडी घेऊन पाहुण्यांना उतरवायला आले, तेव्हा बोटीवरच असलेला सखारामशेठ लवूवर तुटून पडला होता.

"माझंच चुकलं शेठ," लवू मान खाली घालून म्हणाला.

"परत सुकाणाला हात लावायचा नाय."

"त्याचं नाय चुकलं," होडीतून मथुरा म्हणाली. "बांबू मी हलवला. मुद्दाम."

 लवू कठड्यावरून खाली वाकला.

"का गो?"

"पाहुणे आज पोचू नयेत म्हणून. बोट फुटेल असं… नव्हतं रे वाटलं."

"असली सून आमच्या दारात नको," मुलाची आई म्हणाली.

शेठ मटकन खाली बसला. "पावसाआधी मोडीतच काढणार होतो म्हणा," तो पुटपुटला.

 आता लवूकडे गमवायला काही उरलंच नव्हतं. "महिपतकाका, बोट गेली, कामही गेलं. तरी मागतो. मथुरा मला द्या."

महिपतने कललेल्या बोटीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "घेऊन जा बाबा. नायतर ही गोवळकोटचा धक्कासुद्धा बुडवील."

मथुराने पदराने डोळे पुसले.

"एवढं बोलायला तुला अख्खी आगबोट चिखलात घालावी लागली होय रे?"