येतो म्हणाला ना

संकट धाडकन आणायचं नसतं, एकेक पायरी चढवायचं. वाचकाला सगळं दिसत असतं, घरातल्या माणसालाच पत्ता नसतो. रहस्यकथेचं हे मर्म मी आमच्या हिला, प्रतिभाला, तीस वर्षं सांगत आलो. ही "बरं" म्हणायची आणि माझी कथा सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, ते छापखान्यात कुणाला लागणार?

१९९७ साली नाशिकच्या एका साप्ताहिकात माझी मालिका चालू होती. नायक बहिरू, पंचवटीतला फुलवाला. त्याचं घर म्हणून मी आमचंच घेतलं: पाच दगडी पायऱ्या, निळं दार. नवं घर रचायचा कंटाळा, दुसरं काय. बायकोही आमच्या प्रतिभाचीच नक्कल. चौथ्या भागाच्या शेवटी बहिरू झेंडूच्या हारांची पाटी उचलतो, बायकोला "जातो" म्हणतो आणि गोदावरीत बुडून मरतो.

अंक आला. छापलं होतं, "येतो."

"अगं, त्या एका शब्दावर सगळा भाग उभा होता," मी चिडून म्हणालो.

"घरातून निघताना जातो म्हणू नये," प्रतिभा म्हणाली. "माझा हातच धजला नाही."

सोमवारी सकाळी खालच्या पायरीवर झेंडूची ओली पाकळी होती. पंचवटीत झेंडूला काय तोटा? मी झाडून टाकली. मंगळवारी दुसऱ्या पायरीवर. पाकळी ओली, पायरी कोरडी. बुधवारी तिसऱ्या. कुणीतरी टवाळ वाचक असणार म्हणून मी गुरुवारी उजाडायच्या आधीच खिडकीत जाऊन बसलो. कुणी फिरकलं नाही. उजाडलं तेव्हा चौथ्या पायरीवर पाकळी होती.

"येतो म्हणाला ना तो," प्रतिभा मेथी निवडत म्हणाली. तिने मान वर केली नाही.

मी घाबरलो. खोटं कशाला बोलू? लिहून ठेवलेला पाचवा भाग फाडला आणि नवा लिहिला. त्याचं शेवटचं वाक्य: "बहिरू कधीच आला नाही."

शुक्रवारी पाकळी पाचव्या पायरीवर होती, उंबऱ्याला लागून.

"आजच उतरव, आजच कचेरीत देऊन ये," मी म्हणालो. "आणि एक अक्षर बदलू नकोस."

दुपारपर्यंत ती लिहीत बसली. मग उठली, दारात थांबली.

"जाते," म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा.

"अगं, येते म्हण," मी आतून म्हणालो.



बाहेर धावलो. पायऱ्यांवर कुणी नाही. गल्ली नदीपर्यंत सरळ दिसते. गल्लीतही कुणी नाही.

तिच्या चपला दाराशीच होत्या.

कागद टेबलावर होते. सगळं माझंच, जसंच्या तसं. फक्त शेवटचं वाक्य तिच्या सुवाच्य अक्षरात वेगळं होतं.

"बहिरू येऊन गेला."