विमलबाईंच्या नावचा आजार

"ठेव ती वाटी खाली... संबोधी, ठेव म्हणते ना!"

सुनेचा, भारतीचा आवाज एवढा चिरका निघाला की चुलीपाशी बसलेल्या विमलबाईंच्या हातातले दोन्ही चमचे खाली पडले आणि त्यांच्यामध्ये दाबून केलेली पांढरी भुकटी शेणानं सारवलेल्या जमिनीवर सांडली. चार वर्षांची संबोधी दुधाची वाटी तोंडापाशी नेऊन तशीच थांबली होती. भारतीनं ती वाटी हिसकावली, निम्मं दूध पोरीच्या फ्रॉकवर सांडलं, आणि मग तिची नजर त्या भुकटीवर गेली.

"तुमच्या गोळ्या... आई, तुमच्या त्या डोक्याच्या गोळ्या तुम्ही माझ्या लेकीला देत होता?"

विमलबाईंनी तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं, एकच. ती वाटी पोरीची नव्हतीच. पोरगी आपली खेळता खेळता आली आणि दूध दिसलं म्हणून तिनं ते उचललं. मग ती वाटी कुणाची? हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नव्हतं, आणि ज्याची होती तो माणूस दाराबाहेर ओट्यावर ताठ बसून सगळं ऐकत होता.

विमलबाईंनी तोंड मिटलं.

ओट्यावरच्या माणसाचं नाव कोंडीराम. फौजेत हवालदार होते. निवृत्त होऊन जामखेडजवळच्या या आपल्या गावी परतले, तेव्हा गावानं हलगी लावून वेशीपासून घरापर्यंत मिरवत आणलं होतं. मिशी पिळलेली, चालणं असं की रस्त्यानं बाजूला व्हावं. शाळेत झेंडावंदन असलं की हवालदारसाहेबांना पहिली खुर्ची. त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला घरात डोळ्याला डोळा लागत नाही, लग्नाच्या वरातीत फटाका वाजला की तो बैलगाडीखाली जाऊन पडतो, आणि एकदा झोपेत त्याचे दोन्ही हात आपल्या बायकोच्या गळ्याभोवती आवळले गेले होते... हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. विमलबाईंना ठाऊक होतं. आठवडाभर पदर गळ्याभोवती गुंडाळून त्या वावरल्या होत्या, आणि कुणी विचारलंच तर सांगत, "घसा बसलाय."

तसा इलाज हाताशी होता. नगरला माजी सैनिकांचा दवाखाना, तिथं कार्डावर औषध मोफत, आणि डॉक्टरही फौजेतूनच निवृत्त झालेले. सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणत. विमलबाई नवऱ्याला हातापाया पडून तिथं घेऊन गेल्या. पण कर्नलसाहेबांना पाहिल्याबरोबर हवालदारसाहेबांचे पाय जुळले, छाती पुढं आली आणि तोंडातून निघालं, "एकदम फिट, सर!" डॉक्टरांनी झोपेचं विचारलं, फिट. भुकेचं विचारलं, फिट. विमलबाई शेजारी उभ्या राहून नुसत्या बघत राहिल्या.

त्यांना राग आला तरी कारण कळत होतं. फौजेत ज्यानं डोक्याची तक्रार केली त्याची तब्येतीची कॅटेगरी उतरते, हे तिथं नव्या रंगरूटालाही माहीत. कोंडीरामांच्याच तुकडीतला एक जण बर्फात दरड कोसळल्यावर रडायला लागला, थांबेचना. त्याला डॉक्टरांच्या बोर्डानं घरी पाठवलं, आणि मागं राहिलेले लोक त्याच्या नावापुढं 'पागल' लावून हसत राहिले. हसणाऱ्यांत कोंडीरामही होते. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "विमल, माझ्या नावाम्होरं तसलं काय लिवलं गेलं, तर त्या दिवशी हिरीत उडी टाकीन. ध्येनात ठिव."

त्यांनी ते खरंच केलं असतं. विमलबाईंना याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. म्हणून पुढच्या महिन्यात त्या एकट्याच नगरला गेल्या आणि कर्नलसाहेबांपुढं बसून म्हणाल्या, "साहेब, मला झोप न्हाई. जीव घाबरा हुतो. कुनी मागनं आलं तर अंगावर जावंसं वाटतं."

इतकं साधं होतं ते. बायकोचंही कार्ड होतं, बायकोलाही औषध मिळत होतं. त्या दिवसापासून नवऱ्याचा आजार बायकोच्या नावावर चढला आणि संध्याकाळच्या हळदीच्या दुधातून नवऱ्याच्या पोटात जाऊ लागला. दर महिन्याला डॉक्टर विचारत, स्वप्नं कशी पडतात, आणि जिनं जन्मात बर्फाचा खडा रसवंतीबाहेर पाहिला नव्हता ती बाई बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसांची स्वप्नं सांगे. नवऱ्याचं बडबडणं तिला तोंडपाठ होतं.

कोंडीराम झोपू लागले. माणसात आले. मिशीला पुन्हा पीळ बसला.

आणि विमलबाई वेड्या ठरल्या... गावातली एक बाई दवाखान्यात भेटली, तिनं गोळ्या पाहिल्या, मग काय उशीर! विहारात रविवारच्या वंदनेला बायका त्यांच्याशेजारी जागा सोडून बसू लागल्या. सख्ख्या भावानं लेकीच्या लग्नात त्यांना मांडवात न बसवता आतल्या खोलीत बसवलं, "गर्दीत तुला तरास व्हायचा" म्हणून. लेक चेतन राहुरीला नोकरीला, तो फोनवर आधी बापाची चौकशी करी आणि मग दबक्या आवाजात विचारी, "आई कशी हाय? काय करत न्हाई ना?" नात झाली तेव्हा ती आजीच्या हातात एकटी द्यायची नाही, असा घरात न बोलता नियम झाला. विमलबाईंनी सगळं गिळलं. ज्या बाईनं नातीला न्हाऊमाखू घालण्याची स्वप्नं बघितली होती, ती बाई नातीला लांबून बघत राहिली आणि मनाला समजावत राहिली, की माझा माणूस जिवंत हाय ना... मग बास.

आणि आज ही वाटी.

चेतन सुट्टीला म्हणून आला होता, त्यानं दुसऱ्याच दिवशी नगरला जायला गाडी ठरवली. आईशी बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्यानं ठरवलेलं होतं. "आई, मी कर्नलसाहेबांना सांगणार हाय. तुला पुण्याला मोठ्या दवाखान्यात भरती करू. तू बरी होईस्तवर तिथंच राहा. आन् तोवर संबोधी... तिला मी हिकडं आणणार न्हाई."

"बरं," विमलबाई म्हणाल्या.

कोंडीराम पुढच्या सीटवर बसले होते. आष्टी मागं गेली, कडा आलं, पण हवालदारसाहेबांनी मान वळवली नाही.

दवाखान्यात त्या दिवशी माजी सैनिकांची बैठक होती. कर्नलसाहेबांनीच सुरू केलेली. महिन्यातून एकदा सगळ्यांनी गोल बसायचं, श्वासाचे व्यायाम करायचे, मनातलं बोलायचं. बोलत फारसं कुणी नसे. चहा पिऊन, गुडघेदुखीच्या गप्पा मारून लोक उठत. बैठकीच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आतली माणसं कोंडीरामांना ओळखत होती. ते बाहेरच थांबले. शेजारच्या खोलीत कर्नलसाहेबांनी चेतनचं सगळं ऐकून घेतलं आणि ते विमलबाईंकडे वळले.

"विमलबाई, मुलगा म्हणतो ते खरं आहे का? तुमची भरती व्हायची तयारी आहे?"

"हाय, साहेब." मग त्या थांबल्या. काल रात्रभर जी एकच काळजी त्यांचं काळीज कुरतडत होती ती ओठावर आलीच. "फकस्त येक इचारते. मी तकडं गेल्यावर... गोळ्या घरीच ठिवल्या तर चालंल का?"

"घरी? गोळ्या तुम्हाला घ्यायच्यात ना? घरी कोणासाठी?"

विमलबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. चेतन आईकडे बघत राहिला. भारतीनं लेकीला आणखी जवळ ओढलं.

"सर."

दारात कोंडीराम उभे होते. पाय जुळलेले, हात मांडीला चिकटलेले.

"सर, मी फिट न्हाई," ते म्हणाले. "ती दुधाची वाटी माझी हुती. गोळ्या माझ्या हायेत. आजार माझा हाय. तिला काय बी झालेलं न्हाई, सर, कवाच न्हवतं."

"म्हणजे या तुम्हाला न सांगता..."

"मला ठाव हुतं." आता आवाज फुटला. "पैल्या दिवसापासनं ठाव हुतं. हळद किती बी टाकली तरी गोळी कडू लागायचीच. मी गुमान प्यायचो. मला वाटायचं, तिचं तिला ठाव, आपलं आपल्याला... आपलं नाव ऱ्हातंय ना."

चेतन आईच्या पायावर कोसळला. "आई, तू बोलली का न्हाईस... मी तुला काय काय बोललो..." भारतीचे अश्रू थांबत नव्हते. पण विमलबाई लेकाकडे बघतच नव्हत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, आणि या सगळ्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर जे कुणी पाहिलं नव्हतं ते आज तिथं आलं होतं. तो राग होता.

"तुमाला ठाव हुतं?" त्या हळू म्हणाल्या. "मांडवातनं मला आत बसवलं, तवा तुमी भाईर जेवत हुता. तवा बी ठाव हुतं? काल हिनं पोरीच्या हातातनं वाटी हिसकली... तुमी ओट्यावर हुता."

कोंडीरामांनी मान खाली घातली. नवऱ्याला न कळू देता केलेला त्याग विमलबाईंना इतकी वर्षं पेलला होता. पण ज्याच्यासाठी केला त्यानं तो डोळे उघडे ठेवून घेतला, हे त्यांना पेलेना.

कर्नलसाहेबांनी विमलबाईंचं कार्ड बाजूला सारलं आणि म्हणाले, "बर्फाची स्वप्नं जामखेडच्या बाईला कशी पडतात, हे मला आधीच सुचायला हवं होतं. विमलबाई, तपासल्याशिवाय दिलेल्या गोळ्यांनी एखाद्या दिवशी यांचा रक्तदाब उतरला असता, जीव गेला असता. पुन्हा असं करायचं नाही. कोंडीराम, आजपासून तुमची तपासणी नव्यानं, तुमच्या नावानं. आणि बैठकीला येताना दोघांनी यायचं."

"व्हय, सर." मग ते बायकोपुढं येऊन उभे राहिले. "विमल, माफ कर मला."

"हितं नगं," विमलबाई म्हणाल्या. आवाजात आता कंप नव्हता. "हितं चार भिंतीत माफी मागनं सोपं हाय. माजं नाव गावात गेलं. गावात सांगा. विहारात, समद्यांम्होरं. तवर मला काय म्हनू नगा."

रविवारी विहार भरलं होतं. त्रिशरण-पंचशील झालं, वंदना संपली, माणसं उठायच्या बेतात होती, तेवढ्यात कोंडीराम उभे राहिले. लोकांना वाटलं, झेंडावंदनाचं काही सांगायचं असेल. विमलबाई बायकांच्या रांगेत शेवटी बसल्या होत्या. शेजारी भारती आणि संबोधी. ज्या शब्दाला हा माणूस बंदुकीच्या गोळीपेक्षा जास्त भीत आला, तो शब्द आता त्याला स्वतःच्या तोंडानं उच्चारायचा होता. नाही जमलं तर... आणि तो तडक विहिरीकडे गेला तर? सांगायला लावायला नको होतं, असं क्षणभर त्यांना वाटून गेलं.

"जय भीम," कोंडीराम म्हणाले आणि थांबले. "तुमी समदे माज्या बायकूला येडी म्हनता. मी बी म्हनू दिलं. डोक्याचा आजार मला हाय. फौजेतनं आनलाय. गोळ्या मी खातो, नाव तिचं गेलं. तिनं मला वाचवलं आन् मी... मी गप बसून ऱ्हायलो. एवढंच सांगायचं हुतं."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. सांगायचं संपलं होतं, तरी कोंडीरामांना खाली बसणं सुचत नव्हतं. ते सगळ्यांपुढं तसेच उभे होते, घामाघूम.

विमलबाईंच्या मनातला राग गेला नव्हता. तो एका दिवसात जाणाराही नव्हता. पण त्या उठल्या, बायकांनी पाय आवरून करून दिलेल्या वाटेनं पुढं गेल्या आणि सगळ्या गावादेखत त्यांनी नवऱ्याचा दंड धरला.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "लई येळ उभं ऱ्हायलात."